मडगाव ते काणकोण सायकलने, तंबूसह तीन दिवस: निघण्याआधी

गेल्या डिसेंबरात आम्ही सात जण गोव्यात मडगावहून काणकोणला सायकलने निघालो होतो. दोन रात्री तंबूत काढायच्या होत्या. माझी सहल वाटेतल्या करमल घाटाच्या पहिल्याच वळणांवर संपली आणि माझ्यापायी बाकी सहा जणांचा अख्खा दिवस वाया गेला. बोटाच्या पेराहून लहान असा एक पितळी अडॅप्टर मी नेला नव्हता, एवढंच कारण. यंदा पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी म्हणून सुरुवात तिथूनच.

आपल्या चाकाचा व्हॉल्व्ह आजच बघा. मोटारसायकलला असतो तसा जाड असेल तर तो श्रेडर. कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा मिळेल. बारीक असेल, टोकाला इवलासा स्क्रू असेल, तर तो प्रेस्टा. कॉम्प्रेसरचं तोंड त्यावर बसत नाही. माझा प्रेस्टा, आणि घाटात चाक पंक्चर झालं. माझ्याकडे नवी ट्यूब होती, टायर काढायचे लिव्हर होते, ट्यूब मी बदललीसुद्धा. मग लक्षात आलं की सगळ्यांत मिळून पंप एकच, तोही जाड व्हॉल्व्हचा. मित्रांनी त्यांच्या ट्यूब पुढे केल्या, पण त्या माझ्या रिमच्या भोकातून जाईनात. प्रेस्टाचं भोक साधारण 6.5 मिलिमीटरचं, श्रेडरला 8.5 लागतं. सायकल ढकलत बाळ्ळीपर्यंत मागे आलो. पंक्चरवाल्याने मनापासून खटपट केली, त्याचाही इलाज चालला नाही. शेवटी टेंपोतून मडगाव.

तेव्हा प्रेस्टावाल्यांनी अडॅप्टर घ्यायचा, तो लावला की जाड व्हॉल्व्हचा पंप प्रेस्टावर बसतो. एक नाही, दोन. एक पंपाच्या पिशवीत, दुसरा पाकिटात. ‘दुसऱ्या कोणाकडे तरी असेल’ असं धरून चालू नका, मी तेच धरून चाललो होतो.

सुट्या ट्यूबही प्रत्येकाने आपापल्या मापाच्या घ्यायच्या. 29 आणि 700 सी या चाकांच्या मापांत रिमचा व्यास एकच असतो, 622 मिलिमीटर, पण टायरची रुंदी वेगळी. आकडा टायरवर छापलेला असतो, तो वाचून ट्यूब घ्या. हेल्मेट, मागचा लाल दिवा, साखळीचं तेल हे सांगायला नको.

सामान लादून एकदा तरी चालवून बघा. रिकाम्या सायकलवर कोलव्याला जाऊन येणं म्हणजे सराव नव्हे. तंबू, पाणी, कपडे सगळं बांधून मडगावातला मोंते डोंगर चढा. जड वस्तू कॅरिअरवर उंच रचल्या तर चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुगडुगतं. जड ते खाली, चाकाच्या दोन्ही बाजूंना. घरी आल्यावर कॅरिअरचे बोल्ट तपासा, ते नक्की सैल झालेले असतील. बहुतेकांना 4 मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी किल्ली) लागते, ती वरच्या कप्प्यात ठेवा. आणि त्याच सरावात एकदा चाकातली सगळी हवा काढून आपल्याच पंपाने भरा. अडॅप्टर बसतो की नाही ते घाटात नाही, घरात कळायला हवं.

डिसेंबरातही दहानंतर ऊन भाजतं आणि घाम वाळत नाही. माणशी तीन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर. नुसतं पाणी पीत राहिलात तर दुपारी पोटऱ्यांत गोळे येऊ शकतात.

तंबूची जागा आधी विचारून पक्की करा, कोणाच्या तरी अंगणात किंवा बागायतीत. माडाखाली तंबू नको. नारळ पडतो, झावळी पडते, आणि पडण्याआधी सांगत नाही. आगोंद आणि गालजीबागच्या वाळूत हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री दिवे घेऊन फिरूही नका. खोतीगाव अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. किनाऱ्यावर चूल पेटवायलाही मनाई आहे. पहाटे दव पडतं, तंबूवरचं बाहेरचं कापड आकाश निरभ्र दिसलं तरी लावा.

जेवणाची फार चिंता नको. पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, सकाळी पोई (गोव्याचा पाव) घ्या, सोबत केळी, शेंगदाण्याची चिक्की.

रस्त्यात सगळ्यात हळू चालवणारा पुढे, पंपवाला सगळ्यात मागे. महामार्गावर एकेरी रांग. फाट्यावर सगळे जमेपर्यंत कोणी हलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी आगोंद, खोला, बेतूल, असोळणे असे परत. चढउतार सारखे आहेत, निघण्याआधी ब्रेकची रबरं बघा. घरी आल्यावर तंबू वाळवा.

मडगावहून सकाळी सहाला निघायचं. पावणेसहाला मी प्रत्येक प्रेस्टावाल्याचे दोन्ही अडॅप्टर हातात घेऊन बघणार आहे.