लहान मुलांचा घरातला खेळ: काय मांडावे, काय बोलावे आणि कुठे थांबावे

एक ते सहा वर्षांच्या मुलांना घरात खेळात कसे रमवावे, असे पालक विचारतात तेव्हा बहुतेकांना नवनव्या खेळांची यादी हवी असते. यादी देणे सोपे आहे, पण ती चार दिवसांत संपते. मुलाचा खेळ फुलतो की आटोपतो, हे बहुतांशी शेजारी बसलेले मोठे माणूस काय करते यावर ठरते, म्हणून या लेखात मुख्यतः मोठ्यांच्या वागण्याचा विचार केला आहे. शिस्तीच्या प्रश्नाची बरीच उत्तरेही इथेच सापडतात. खेळणाऱ्या मुलाकडे रोज लक्षपूर्वक पाहणाऱ्या पालकाला ते कधी थकते, कशाने चिडते आणि कशाने निवते, हे दुसऱ्या कुणी सांगावे लागत नाही.

साहित्य

बटण दाबले की गाणे म्हणणारे खेळणे एकच काम करते आणि ते कामही स्वतःच करून टाकते. मुलाला फक्त बटण दाबायचे उरते. याउलट रिकामे खोके, झाकणे, जुनी ओढणी, लाकडी ठोकळे, पुठ्ठ्याच्या नळ्या या वस्तूंचे काय करायचे ते मुलालाच ठरवावे लागते. ब्रिटिश चित्रकार-शिल्पकार सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेला ‘सुट्या भागां’चा विचार हाच आहे: भोवती हलवता, जोडता आणि बदलता येण्याजोग्या गोष्टी जितक्या जास्त, तितका कल्पकतेला वाव जास्त.

मात्र सगळे साहित्य एकाच वेळी समोर ओतू नये. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली होती. चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्यापाशी अधिक वेळ थांबली आणि तेच खेळणे अधिक प्रकारे वापरू लागली. घरी करायचे ते एवढेच, की चार-पाच प्रकारच्या वस्तू मुलाचा हात पोहोचेल अशा ठेवाव्यात, बाकीच्या कपाटात बंद कराव्यात आणि आठ-पंधरा दिवसांनी अदलाबदल करावी. जुनेच खोके पंधरा दिवसांनी बाहेर आले की ते मुलाला नवे वाटते.

सुरक्षिततेबाबत मात्र काटेकोर राहावे. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती सुमारे सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू देऊ नये, कारण ती घशात अडकू शकते. फुगे आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे त्याहून धोक्याचे असतात. घड्याळात आणि रिमोटमध्ये असणारे बटणाच्या आकाराचे सेल आणि छोटी शक्तिशाली लोहचुंबके घरात मुलाच्या हाताला लागताच कामा नयेत. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजणे होऊ शकते, म्हणून नुसता संशय आला तरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता मुलाला तडक रुग्णालयात न्यावे. पाण्याच्या खेळात टबात वीतभरच पाणी असले तरी हाताच्या अंतरावर बसून राहावे आणि दारावरची घंटा वाजली तर मुलाला उचलून घेऊनच जावे. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, अंदाजाने पाणी आणि थोडे तेल घालून मळलेला गोळा मुलांना फार आवडतो. परंतु त्यात मीठ खूप असते, त्यामुळे जे मूल अजून सगळे तोंडात घालते त्याच्यासाठी बिनमिठाचा गोळा मळावा आणि खेळ झाल्यावर टाकून द्यावा.

आधी पाहणे

मुलाने खेळायला सुरुवात केली की पहिली पाच मिनिटे आपले हात आपल्या मांडीवर ठेवावेत. ऐकायला क्षुल्लक वाटणारी ही सूचना पाळणे बहुतेक पालकांना सर्वांत जड जाते, कारण मदत करण्याची, शिकवण्याची आणि काहीतरी सुंदर घडवून दाखवण्याची आपल्याला घाई असते.

समजा, तीन वर्षांच्या मुलीने खोके आडवे ठेवले आणि त्यात एकेक करून पाच चमचे सरकवले. ‘अगं, याची छान गाडी होईल, थांब, मी चाकं लावते,’ असे म्हणत आई पुढे झाली की पुढच्या दहा मिनिटांत गाडी तयार होते खरी, पण ती आईची असते आणि मुलगी तोवर उठून गेलेली असते. त्याऐवजी आईने जे दिसते तेवढेच म्हटले, ‘चमचे आत गेले,’ तर मुलगी हळूच म्हणते, ‘झोपलेत.’ आता खोके काय आहे ते कळले. ‘दिवा बंद करू का?’ असे विचारल्यावर उत्तर येते, ‘नको, छोट्याला भीती वाटते.’ आणि मग ती सर्वांत लहान चमचा उचलून मोठ्या चमच्याला चिकटवून ठेवते. अंधाराची भीती, जवळ झोपण्याची गरज आणि धीर देण्याची रीत, एवढे सगळे त्या खोक्यात होते. चाके लावली असती तर त्यातले काहीच बाहेर आले नसते.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी अशा खेळाला बालवयात फार वरचे स्थान दिले. काठीचा घोडा करणारे मूल वस्तूपासून तिचा अर्थ वेगळा काढायला शिकते, आणि पुढे शब्द आणि अंक हाताळण्यासाठी हीच क्षमता लागते. शिवाय भूमिका घेतली की तिचे नियम पाळावे लागतात. एरवी दोन मिनिटे स्थिर न बसणारा मुलगा पहारेकरी झाला की बराच वेळ जागचा हलत नाही, कारण पहारेकऱ्याने हलायचे नसते. स्वतःला आवरण्याचा याहून चांगला सराव आपल्याला उपदेशातून देता येत नाही, असे मला ठामपणे वाटते.

वयाप्रमाणे पाहण्याची दृष्टी बदलावी लागते. दहा महिन्यांचे बाळ चमचा पुनःपुन्हा खाली टाकते तेव्हा ते आपल्याला छळत नसते. पडलेली वस्तू कुठे जाते, आवाज कसा येतो आणि उचलून देणारे माणूस परत येते का, हे ते तपासत असते. दोन वर्षांची दोन मुले शेजारी बसूनही आपापलेच खेळतात. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या एकत्र खेळण्याचे टप्पे नोंदवले, त्यात हा समांतर खेळ एक स्वतंत्र टप्पा म्हणून आला आहे. त्यामुळे दोन वर्षांचे मूल खेळणे वाटून घेत नाही म्हणून त्याला हट्टी किंवा स्वार्थी ठरवू नये. त्याच्या आवडत्या वस्तूच्या दोन प्रती ठेवाव्यात, नाहीतर पाहुणे मूल येण्याआधी ती वस्तू उचलून ठेवावी.

खेळताना बोलणे आणि कौतुक

‘हा कोणता रंग?’, ‘हे किती झाले?’, ‘हे काय काढलंस?’ अशा प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली की खेळाची परीक्षा होते. उत्तर आपल्याला ठाऊक असलेला प्रश्न शक्यतो विचारूच नये. दिसते ते सांगावे, उत्सुकता खरी असेल तरच विचारावे, आणि मुलाने काही म्हटले की त्याच्याच वाक्याला एखादा शब्द जोडून ते परत द्यावे. ‘बस आली’ असे मूल म्हणाले तर ‘हो, मोठी बस आली, थांबली पण,’ एवढे पुरे. असे बोलणे एकाकडून दुसऱ्याकडे जात-येत राहिले की भाषा आपसूक वाढते.

चित्रांच्या बाबतीत हे विशेष जपावे. गिरगोट्या, मग तिसऱ्या वर्षाच्या आसपास बंद होणारे गोल, मग डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस, असा चित्रकलेचा प्रवास साधारणपणे होतो. त्या माणसाला पोट काढून देण्याची आपल्याला गरज नसते, आणि ‘तूच काढून दे’ असा आग्रह झाला तरी शक्यतो हातात खडू घेऊ नये, कारण मोठ्यांचे सफाईदार चित्र पाहिले की मूल स्वतःच्या चित्राला नावे ठेवू लागते. ‘तुझ्या मनात काय आहे? त्याची कोणती बाजू आधी काढायची?’ असे विचारले तर खडू पुन्हा त्याच्याच हातात जातो.

कौतुक हवेच, पण कशाचे करतो ते पाहावे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्र काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगितले होते, ती पुढे मोकळ्या वेळेत बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या साधारण निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती. जी गोष्ट मूल आनंदाने करते तिला आमिष जोडू नये, हा यातला व्यवहारात आणण्याजोगा भाग. ‘वा, हुशार!’ याऐवजी ‘मनोरा तीनदा पडला तरी तू खाली मोठा ठोकळा ठेवून पाहिलास,’ असे म्हटले तर आपण नेमके काय केले ते मुलाला कळते आणि पुढच्या वेळी तेच त्याच्या उपयोगी पडते.

खेळ थांबवणे, नियम आणि रडारड

घरातली निम्मी भांडणे खेळ चालू असताना होत नाहीत, तो थांबवताना होतात. ‘पाच मिनिटांत ये’ हे तीन वर्षांच्या मुलाला समजत नाही, कारण पाच मिनिटे म्हणजे किती हेच त्याला ठाऊक नसते. त्याच्या खेळातलेच माप वापरावे: ‘अजून दोन गाड्या पुलावरून गेल्या की आंघोळ.’ जवळ जाऊन, खाली बसून, खांद्यावर हात ठेवून हे सांगावे. दुसऱ्या खोलीतून मारलेली हाक खेळात बुडालेल्या मुलाच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. मग दोन गाड्या गेल्या की खरोखर उठवावे. कधी उठवायचे, कधी तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचे असे झाले, तर कितव्या हाकेला उठायचे याचा अंदाज मूल बरोबर बांधते. जे ठरलेले आहे त्यावर मत विचारू नये. ‘आंघोळ करायची का?’ हा प्रश्न नको. ‘बदक घ्यायचं की होडी?’ हा चालेल. मांडलेला खेळ तसाच ठेवता येत असेल तर ‘हे असंच राहील, जेवण झाल्यावर पुढचं,’ या एका आश्वासनाने पुष्कळ रडणे टळते. ते आश्वासन अर्थातच पाळावे लागते.

नियम थोडे असावेत आणि नकार देताना काय चालेल तेही सांगावे. ‘फेकू नकोस’ एवढ्यावर न थांबता ‘ठोकळा लागतो, तो खाली ठेव; फेकायला हा कापडी चेंडू घे,’ असे म्हणावे. मूल मारायला धावले तर आधी त्याचा हात हलकेच पण घट्ट धरावा आणि मग बोलावे: ‘मी मारू देणार नाही. तुला राग आलाय. ती गाडी तुला हवी होती.’ एवढेच. मुलाचा आक्रोश टिपेला पोहोचलेला असताना समजावून सांगणे व्यर्थ असते, कारण भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग या वयात अगदीच अपरिपक्व असतो आणि तो विकसित व्हायला तारुण्यापर्यंतचा काळ लागतो. अशा वेळी कमी बोलावे, जवळ बसावे, नियम मात्र सोडू नये. चापट मारून रडणे तात्पुरते थांबते, पण राग आला की मारायचे असते हे मूल त्याच क्षणी शिकते, म्हणून तो मार्ग कायमचा बंद करावा.

पसारा आवरणे हा खेळाचाच शेवटचा भाग धरावा. ‘सगळं आवर’ ही आज्ञा लहान मुलाच्या आवाक्याबाहेरची असते. ‘तू लाल ठोकळे, मी निळे,’ हे त्याला जमते.

पडद्याविषयी थोडक्यात सांगायचे तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांपर्यंत स्क्रीन टाळावी, दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ती दिवसाला एका तासाहून अधिक नसावी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल मिळावी. घरकाम उरकण्यासाठी मुलाच्या हातात मोबाइल देण्याआधी त्याला त्याच कामात एखादा वाटा देऊन पाहावा: मोजे जोड्या लावून ठेवणे, डब्यांना झाकणे बसवणे. काम लांबते हे खरे, परंतु मूल सोबत राहते. दिवसभर खेळत बसणे कुणालाच शक्य नसते आणि त्याची आवश्यकताही नाही. रोज एका ठरावीक वेळी दहा-पंधरा मिनिटे फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पूर्ण लक्ष द्यावे, आणि उरलेल्या वेळात मूल ‘कंटाळा आला’ म्हणत भोवती फिरले तर त्याला थोडा वेळ कंटाळू द्यावे. बहुतेक वेळा ते स्वतःच काहीतरी शोधते.

आपल्यालाही राग येतो आणि आवाज चढतो. तसे झाले तर शांत झाल्यावर मुलापाशी जाऊन साध्या शब्दांत सांगावे, ‘मी मोठ्याने ओरडले, ते बरोबर नव्हतं.’ त्यात ‘पण तूच तर…’ असे काही जोडू नये.

प्रत्येक मुलाची वाढ आपापल्या गतीने होते, तरीही काही गोष्टी दिसल्या तर वाट पाहत बसू नये. दीड वर्षांचे होऊनही मूल आवडलेली वस्तू बोटाने दाखवत नसेल, अडीच वर्षांपर्यंत बाहुलीला खोटेखोटे भरवण्यासारखा खेळ अजिबात दिसत नसेल, किंवा आलेले शब्द आणि सवयी ते कोणत्याही वयात गमावू लागले असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. जाताना ‘नीट खेळत नाही’ एवढेच सांगण्याऐवजी मूल कोणत्या वस्तूंशी, किती वेळ आणि कसे खेळते याच्या चार ओळी लिहून न्याव्यात आणि घरच्या खेळाचा मिनिटभराचा व्हिडिओही दाखवावा. अनोळखी दवाखान्यात मूल बहुधा खेळत नाही, त्यामुळे डॉक्टरांना या दोन्हींचा मोठा उपयोग होतो.