देवळाली कॅम्पचा इतिहास स्वतः शोधायचा असेल तर

नाशिकजवळच्या देवळालीच्या मालधक्क्यावर मी एकवीस वर्षं मालगाडीच्या वाघिणींचे (डब्यांचे) नंबर उतरवून घेतले. लष्करी तळ म्हटलं की लोकांना तोफ आठवते, मला धक्का आठवतो. म्हणून कॅम्पचा इतिहास कुठून सुरू करू, असं कोणी विचारलं की मी सांगतो, आधी स्टेशनावर या.

येताना दोनशे पानी वही आणा आणि तीन रकाने आखा: काय आलं, किती दिवस थांबलं, कुठे गेलं. मालधक्क्याचं सगळं काम याच तीन प्रश्नांवर चालतं आणि तळाचंही. सापडलेली प्रत्येक गोष्ट या रकान्यांत बसवा.

आता फलाटावर मुंबईकडे तोंड करून उभे राहा. कसारा ते इगतपुरीचा थळ घाट १८६५ साली रेल्वेला खुला झाला. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, आजही गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावतात. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातली गोरी पलटण वाढवली. ही माणसं बोटीने मुंबईला उतरणार, मग त्यांना ठेवायचं कुठे? मुंबईच्या दमट हवेत हजारोंची गर्दी म्हणजे रोगराईला आमंत्रण. घाट चढून आलं की कोरडी हवा, दारणेचं पाणी आणि दाराशी रूळ. छावणी थंड हवेसाठी वसली असं मीही पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो. पण ते अर्धंच खरं आहे. रूळ नसते तर ही हवा छावणीच्या कामाला आली नसती.

मग १८८३ चं मुंबई इलाख्याचं नाशिक गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, उघडा, खंड सोळावा. राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर ते फुकट वाचता येतं. देवळालीच्या नोंदीत पाच हजार माणसांच्या बराकी सापडतील. आकड्यापेक्षा ‘हंगाम’ या शब्दावर थांबा. सैन्याच्या बोटी थंडीच्या महिन्यांत ये-जा करायच्या. मायदेशी निघालेल्याची बोट हुकली की मुक्काम पुढच्या हंगामापर्यंत. काम नाही, ऊन वाढतंय, घर सात समुद्रांपार. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणतात, ते आपल्या देवळालीवरून. जुना शब्दप्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा होता आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप! वहीतला मधला रकाना किती जड असतो ते इथे कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर चालायला निघा. रेस्ट कॅम्प रोडची पाटी वाचा, नावातच तळाचं काम आहे. दुसऱ्या महायुद्धात परतणाऱ्या सैनिकांचा ‘होमवर्ड बाउंड ट्रूपिंग डेपो’ देवळालीतच होता. मात्र चालू लष्करी आवारांच्या भिंती, फाटकं, गाड्या यांचे फोटो काढू नका. तोफखान्याचं स्कूल इथे आहे, तिकडे ओझरला हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. त्यांच्या आजच्या कामाची चौकशीही करू नका. आपल्याला हवं ते जुनं आहे आणि ते मोकळं आहे.

खरा ऐवज भगूर, विहितगावच्या ओसरीवर आहे. ‘इतिहास सांगा’ म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात. ‘तुमच्या घरातून कॅम्पात काय जायचं?’ असं विचारा. एका आजींनी मला खेचरांसाठी जाणाऱ्या गवताच्या पेंढ्यांचा हिशेब सांगितला, सासऱ्यांकडून ऐकलेला, पेंढी कशी बांधायची इथपासून. दूध, अंडी, भाजी, धुण्याचे गठ्ठे, सगळं लिहा. तळ या पुरवठ्यावर जगतो आणि सरकारी कागदात या घरांची नावं क्वचितच येतात.

शेवटी युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरींची नोंद ठेवणाऱ्या ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’च्या यादीत देवळाली शोधा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ओ’ आणि ‘व्ही’ दोन्ही लावून पाहा. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत इथे पुरलेल्या सैनिकांची नावं पुण्याजवळ खडकीच्या स्मारकावर कोरलेली आहेत. आले कुठून ते कळतं, थांबले किती ते तारखांवरून काढता येतं. तिसऱ्या रकान्यात मी प्रत्येकापुढे ‘इथेच’ असं लिहिलं आहे.