मीपणाचा माग कसा काढावा: आधी जनावरात, मग स्वतःत, महिनाभराचा अभ्यास

अहंकार म्हटलं की आठवतो तो ताठा. अभ्यासाला बसायचं असेल तर तिथून सुरुवात करू नका. ताठा हा वरचा थर आहे. त्याच्याखाली 'हा देह म्हणजे मी' ही पकड असते, आणि ती लाजाळू माणसात असते, गाईत असते, मुंगीतही असते. या दोन थरांची गल्लत झाली की साधक वर्षानुवर्षं आवाज खाली ठेवायला शिकतो आणि मीपण होतं तिथेच राहतं.

खालच्या थराबद्दल दर्शनं, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखा, अगदी स्पष्ट आहेत. सांख्य दर्शनाच्या मांडणीत प्रकृतीपासून, म्हणजे जगाच्या मूळ द्रव्यापासून, बुद्धी, बुद्धीपासून अहंकार, आणि अहंकारापासून मन, 5 ज्ञानेंद्रियं, 5 कर्मेंद्रियं व 5 तन्मात्रा (शब्द, स्पर्श अशी सूक्ष्म तत्त्वं) निघतात. इंद्रियंच अहंकारातून आली, तेव्हा ज्याला डोळे-कान आहेत त्याच्यात अहंकार आहेच. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच क्लेश, म्हणजे मनाला पीडणारे मूळ दोष, सांगितले आहेत; त्यांत अस्मिता, म्हणजे मीपण, दुसरी आणि अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहण्याची ओढ, पाचवा. हा अभिनिवेश विद्वानातही आपसूक वाहत असतो, असं सूत्र सांगतं. ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी शंकराचार्य तर गुराचंच उदाहरण घेतात: काठी उगारलेला माणूस दिसला की गुरं पळतात, हातात हिरवं गवत असलेला दिसला की त्याच्याकडे वळतात, शिकलेला माणूसही तलवार उगारून ओरडणाऱ्यापासून मागे सरतो आणि सौम्य माणसाकडे जातो. या पातळीवर दोघांत फरक नाही, असं ते म्हणतात.

फरक वरच्या थरात आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माऊली सांगतात की अहंकाराची गोष्ट नवलाची आहे. अज्ञान्याच्या पाठीस तो फारसा लागत नाही, जाणत्याच्या मात्र गळ्याला झोंबतो आणि त्याला नाना संकटांत नाचवतो. पुढचा सगळा अभ्यास हे नवल स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी आहे. त्याला एक वही, रोजची 10 ते 20 मिनिटं आणि चार आठवडे लागतात.

पहिला आठवडा: जनावर पाहणं

एकच जागा आणि एकच वेळ ठरवा: गल्लीतली कुत्री, गोठ्यातली दावण किंवा परसातलं खुराडं. खाणं घालण्याची वेळ सर्वांत चांगली, कारण 'माझं' तेव्हा उघड दिसतं. सात दिवस, रोज 15 मिनिटं. पाळलेलं लाडकं जनावर पहिल्या आठवड्याला घेऊ नका. त्याच्या वागण्यात आपल्याला आपलंच प्रेम दिसू लागतं.

वहीत तीन रकाने आखा: निमित्त काय घडलं, अंगावर काय दिसलं, किती वेळात निवळलं. नियम एकच आणि तो कडक पाळायचा: दिसलं तेवढंच लिहायचं. 'कान मागे गेले, मानेवरचे केस उभे राहिले, ओठ वर गेला' हे चालेल. 'त्याला अपमान वाटला' हे चालणार नाही. पहिल्या दोन दिवसांत बहुतेकांच्या वहीत असली वाक्यं येतात. ती खोडू नका, खाली रेघ मारा. आपला अहंकार दुसऱ्याच्या अंगावर कसा चढवला जातो, याचा तो तुमच्याच हातचा पुरावा आहे.

अंतर किमान 10-12 फूट ठेवा. भटक्या कुत्र्याच्या डोळ्याला डोळा भिडवून पाहू नका. त्याला ते आव्हान वाटतं. पिल्लं असलेली कुत्री किंवा नुकतीच व्यालेली गाय टाळा. स्वतः खाणं नेऊ नका, कारण तुम्ही निमित्तात शिरलात की पाहणारे उरत नाही.

साधारण असं दिसेल: अनोळखी कुत्रं हद्दीत आलं, गुरगुर झाली, एकाने शेपूट पायांत घातलं किंवा पाठीवर पडून पोट दाखवलं, आणि दुसरा बाजूला झाला. थोड्या वेळाने दोघं आपापल्या जागी पडलेले असतात. 'मी' उठला, काम केलं आणि बसला. निवळण्याच्या रकान्याला महत्त्व आहे ते यासाठी.

इथे एक सावधगिरी. जनावर काही लक्षात ठेवत नाही, असा निष्कर्ष काढू नका. मार खाल्लेलं कुत्रं काठी दिसताच वर्षानंतरही दबकतं. स्वतःची ओळखही माणसाचीच मक्तेदारी नाही: गॉर्डन गॅलप यांनी 1970 साली प्रसिद्ध केलेल्या आरशाच्या प्रयोगात चिंपांझींनी आरशात पाहून स्वतःच्या अंगावरचा रंगाचा डाग चाचपला. पुढे डॉल्फिन, हत्ती आणि मॅग्पाय पक्ष्यानेही असं वागून दाखवलं. तेव्हा सीमारेषा पुसट आहे. पण घडून गेलेल्या प्रसंगाला शब्द लावून, त्यात स्वतःला मधोमध बसवून, तो पुन्हा पुन्हा ऐकत राहणं हे माणसातच पूर्ण फोफावलेलं दिसतं.

दुसरा आणि तिसरा आठवडा: तीच वही, आता स्वतःची

रोज रात्री 10 मिनिटं. दिवसातले जास्तीत जास्त तीन प्रसंग घ्या, सुखाचेही घ्या. कौतुक झाल्यावर मीपण जितकं फुगतं तितकं ते टोमण्यावरही दिसत नाही. तीन रकाने तेच, फक्त चौथा जोडा: मनात कोणतं वाक्य फिरलं आणि ते कधी थांबलं.

अंगावरची खूण नेमकी लिहा. कानशिलं गरम होणं, जबडा आवळणं, घशात आवंढा, छाती पुढे येणं, पोटात खड्डा. प्रत्येकाची एखाद-दोन खूण ठरलेली असते आणि आठवड्याभरात ती सापडते. वाक्य जसंच्या तसं उतरवा, सभ्य करून नको: 'माझ्याशी असं बोलायची हिंमत कशी झाली', 'मी नसतो तर यांचं काही खरं नव्हतं', 'एवढं करूनही माझी आठवण नाही'. अशा वाक्यात 'मी', 'मला' किंवा 'माझं' सापडतंच. 'लोक किती कृतघ्न असतात' असं ते आडून आलं, तर 'कोणाशी?' असं विचारा.

आता दोन वेळांची तुलना करा. अंग काही मिनिटांत शांत झालं, वाक्य रात्रीपर्यंत चाललं. अंग शांत होईपर्यंतचा भाग जनावरातही आहे. त्याच्याशी भांडू नका, तो देह राखण्यासाठी आहे. त्यानंतरचा जो लांबलेला भाग, तो खास आपला. आपला सगळा प्रयत्न तिथे लागला पाहिजे. बरेच जण उलट करतात: राग येऊच नये म्हणून दात-ओठ आवळतात आणि नंतरची रवंथ मात्र मोकाट सोडतात. गाय रवंथ करते त्यातून चारा पचतो. या रवंथीतून अपमान पचत नाही, ताजा होतो.

चौथा आठवडा: तोडायचं कुठे

वाक्य पुन्हा फिरू लागलं की तीन गोष्टी, याच क्रमाने. आधी तळपायांचा जमिनीशी स्पर्श जाणवून घ्या आणि तीन श्वास सावकाश सोडा. मग वाक्य एकदा, फक्त एकदा, मनात स्पष्ट म्हणा. मग विचारा, 'हे कोणाला लागलं?' उत्तर शब्दांत देऊ नका. तिरुवण्णामलाईचे संत रमण महर्षी यांच्या आत्मविचाराची दिशाही हीच आहे: विचाराचा धागा धरून तो ज्याला सुचला त्या 'मी'कडे जायचं. 'मी अमुक पदावरचा', 'मी घरातला थोरला' अशी एखादी प्रतिमा समोर येईल. तिच्याकडे थोडा वेळ पाहा आणि नामाला लागा: 'राम कृष्ण हरी' किंवा तुमचं जे असेल ते, 108 मण्यांची एक माळ. योगसूत्रांतही अशीच वाटणी आहे: क्लेशांच्या उघड वृत्ती ध्यानाने जातात, सूक्ष्म क्लेश मात्र उगमाकडे परत नेऊनच विरतात. नुसतं नाम घेऊन वाक्य बुडवलं तर मुळाला हात लागत नाही. नुसतं विचारत बसलं तर तोही बुद्धीचा खेळ होतो.

या आठवड्यात एक काम असं करा जे कोणाला कळणार नाही. गोठा झाडणं, पाणवठा धुणं, देवळातल्या चपला नीट लावणं. सात दिवस, रोज 20 मिनिटं, फोटो नाही, घरी उल्लेख नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी सांगण्याची ऊर्मी उठेल. वहीत तिचं नेमकं वाक्य लिहा. वारीत वय, जात, शिक्षण न पाहता वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेही याच ऊर्मीवरचं औषध आहे. सवयीने नुसता वाकलेला देह मात्र मनाला सोडवत नाही, म्हणून वाकताना क्षणभर थांबावं.

कुठे चुकतं

सर्वांत जास्त चूक होते ती नम्रतेत. 'माझा अहंकार आता बराच कमी झाला' हे वाक्य वहीच्या चौथ्या रकान्यातलं आहे, त्याला तिथेच बसवा. 'मी पापी, मी क्षुद्र' हेही तसंच. मधोमध 'मी' आहेच.

दुसरी चूक: जनावरं निरहंकारी, म्हणून ती मुक्त, असं मानणं. क्लेश कधी प्रसुप्त (निजलेले), कधी तनू (क्षीण), कधी विच्छिन्न (मध्येच दबलेले) तर कधी उदार (पूर्ण उघड) असतात, असं पतंजली सांगतात. जनावरात वरचा थर निजलेला आहे, जळलेला नाही. अर्थात त्यांना कमी लेखण्याचंही कारण नाही. तिरुवण्णामलाईच्या आश्रमातल्या लक्ष्मी गाईला 1948 साली मुक्ती मिळाली असं रमण महर्षींनी मानलं, आणि तिची समाधी आजही तिथे आहे.

तिसरी चूक घातक आहे. मारहाण, फसवणूक, छळ सोसत राहणं म्हणजे अहंकार जिंकणं नव्हे. पिल्लावर आलं की कोंबडीही अंगावर धावते. देहाचं आणि दुसऱ्याचं रक्षण करा, गरज असेल तर मदत मागा, तक्रार करा. त्यानंतर मनात जे वाक्य उरेल त्यावर अभ्यास करा. मन खोल उदास असेल, 'मी नसलेलाच बरा' असं वाटत असेल, तर हा अभ्यास बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

आणि नवऱ्याची, सासूची, साहेबांची वही लिहू नका. दुसऱ्याचा चौथा रकाना आपल्याला दिसत नाही.

महिना संपल्यावर आठवडाभर थांबून दुसरी फेरी करा, पण जनावर बदला. कुत्री पाहिली असतील तर कोंबड्या घ्या. त्यांच्यात टोच मारण्याची उतरंड असते, हे नॉर्वेच्या थॉर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी 1920च्या दशकात मांडलं: कोण कोणाला टोचणार हे ठरलेलं असतं आणि ते ठरलं की भांडणं कमी होतात. नवी कोंबडी खुराड्यात सोडली की काही दिवस गोंधळ होऊन उतरंड पुन्हा बसते. खाण्याच्या वेळी कोण आधी, कोण मागे, हे चार दिवस टिपा. मग त्याच वहीत, घरातल्या पंगतीत किंवा ऑफिसच्या बैठकीत आपण कोणाआधी बोलतो, कोणाचं बोलणं मध्येच तोडतो आणि कोणासमोर गप्प बसतो, ते लिहा.