बीटावरून परतण्यापूर्वी: आयफोन पुसण्याआधीची तयारी

दर जूनमध्ये ॲपलची विकासकांची परिषद भरते आणि त्याच दिवशी आयफोनच्या कार्यप्रणालीच्या (आयओएस) पुढच्या आवृत्तीची पहिली बीटा, म्हणजे चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती, विकासकांना मिळते. २०२३ पासून त्यासाठी वार्षिक शुल्क लागत नाही. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सॉफ्टवेअर अपडेट’खाली ‘बीटा अपडेट्स’ची ओळ निवडली की काम झाले. चढण्याची वाट अशी सोपी असल्यामुळे उतरण्याचा विचार बहुतेकांच्या मनात येतो तो फोन तापू लागल्यावर, बँकेचे ॲप उघडेनासे झाल्यावर किंवा समोरच्याला आपला आवाज जाईनासा झाल्यावर. मागच्या आवृत्तीवर परतायचे तर फोन पुसावा, म्हणजे पूर्ण कोरा करावा लागतो. तेव्हा घाईने फोन पुसण्याऐवजी पुढील गोष्टी शक्यतो याच क्रमाने पाहाव्यात.

सर्वांत आधी फोन पुसण्याची खरोखर गरज आहे का, हे ठरवावे. मोठ्या अपडेटनंतर पहिले एकदोन दिवस फोन छायाचित्रे आणि शोधाची सूची नव्याने लावत असतो, त्यामुळे तो गरम होणे आणि बॅटरी लवकर उतरणे हे त्या काळात दोषाचे लक्षण मानू नये. साठवणूक काठोकाठ भरली असेल तर काही गिगाबाइट मोकळे करून पाहावे. बिघाड एकाच ॲपपुरता असेल तर ते ॲप अद्ययावत करून किंवा काढून पुन्हा घेऊन पाहावे. २०१८ च्या ऑगस्टअखेरीस आयओएस १२ ची बीटा वापरणाऱ्यांना फोन उघडताच दर वेळी ‘नवी आवृत्ती आली आहे’ अशी सूचना येत होती, पण प्रत्यक्षात नवी आवृत्ती कुठेच नव्हती. पुढच्या बीटात तो दोष गेला; त्या एका सूचनेला कंटाळून ज्यांनी फोन पुसला असेल त्यांचे श्रम वाया गेले. अंतिम आवृत्ती बहुधा सप्टेंबरमध्ये येते. ती जवळ आली असेल आणि त्रास सोसण्याजोगा असेल, तर ‘बीटा अपडेट्स’ बंद करून थांबणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय आहे.

परतायचेच ठरले तर बॅकअपची तारीख तपासावी, कारण सगळा घोळ इथेच होतो. बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीच्या फोनवर चढत नाही. म्हणजे काल रात्री आयक्लाउडवर आपोआप गेलेला बॅकअप कितीही ताजा असला, तरी परतीच्या प्रवासात तो निरुपयोगी ठरतो. उपयोगी पडतो तो बीटा घेण्यापूर्वीचा, संगणकावर घेऊन ‘अर्काइव्ह’ करून ठेवलेला बॅकअप. अर्काइव्ह केले नसेल तर नंतरचा बॅकअप त्याच्यावरच लिहिला जातो. हा जपलेला बॅकअप कूटबद्ध, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद, असावा, कारण आरोग्याच्या नोंदी आणि साठवलेले पासवर्ड संगणकावरच्या साध्या बॅकअपमध्ये येत नाहीत. मात्र त्याचा पासवर्ड विसरल्यास तो बॅकअप कोणीही उघडून देऊ शकत नाही, म्हणून पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा. असा जुना बॅकअप नसेल तर एकेक वस्तू स्वतंत्रपणे बाहेर काढावी. संपर्क, दिनदर्शिका आणि टिपा आयक्लाउडशी जोडलेल्या आहेत का ते पाहावे, आणि छायाचित्रे संगणकावर उतरवून घ्यावीत, कारण आयक्लाउडची मोफत जागा ५ गिगाबाइटच आहे. व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधून वेगळा घ्यावा. तो कूटबद्ध केला असल्यास त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली हाताशी असावी.

यानंतर कोणत्याही बॅकअपमधून पूर्णपणे परत न येणाऱ्या गोष्टी पाहाव्यात. यूपीआयची ॲप्स फोन आणि सिम यांच्या जोडीला बांधलेली असतात, त्यामुळे त्यांची नोंदणी नव्याने करावी लागते. त्यासाठी सिमवरून एसएमएस जाण्याइतकी शिल्लक आहे याची खात्री करावी. एकवेळचे संकेतांक (ओटीपी) देणाऱ्या ॲपमधील खाती दुसऱ्या उपकरणावर हलवावीत किंवा त्यांचे आपत्कालीन संकेतांक छापून ठेवावेत. ई-सिम (कार्डाविना फोनमध्येच असलेले सिम) असेल तर पुसताना ते राखण्याचा पर्याय आल्यास तो निवडावा. सर्वांत फसवी अडचण आणखी वेगळी आहे. पुसलेला फोन सुरू होताना ॲपल खात्याचा पासवर्ड मागतो आणि पडताळणीचा संकेतांक जातो तो त्याच फोनमधल्या सिमवर. म्हणून घरातील दुसऱ्या कोणाचा क्रमांक ॲपल खात्याला विश्वासू क्रमांक म्हणून आधीच जोडून ठेवावा. घड्याळावरही बीटा चढवली असेल तर जरा थांबावे, कारण ॲपल वॉच घरच्या घरी मागच्या आवृत्तीवर आणता येत नाही आणि नव्या आवृत्तीचे घड्याळ जुन्या आवृत्तीच्या फोनशी जुळत नाही.

आता संगणकाकडे वळावे. मॅकवर हे काम फाइंडरमधून होते, विंडोजवर आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हाइसेस या ॲपमधून. केबलबाबत एक स्वानुभव सांगतो: खणातल्या चार केबलींपैकी मी नेमकी अशी निवडली होती की तिने फोन चार्ज होत होता, पण संगणकाला तो दिसतच नव्हता, आणि अर्धा तास मी दोष विंडोजला देत बसलो. फोन जोडल्यावर संगणकाच्या यादीत त्याचे नाव दिसते का, हे पुसण्याआधीच पाहून घ्यावे. कोणत्या आवृत्तीवर परतता येईल हे आपल्या हातात नसते. ॲपलच्या सर्व्हरची मंजुरी साधारणपणे चालू असलेल्या आवृत्तीलाच मिळते, त्यामुळे वर्षभरापूर्वीच्या आवृत्तीची फाइल जपून ठेवली असली तरी ती चालत नाही.

आयफोन ८ किंवा त्यानंतरच्या फोनवर केबल जोडून आवाज वाढवण्याचे बटण दाबून लगेच सोडावे, मग आवाज कमी करण्याचे दाबून सोडावे आणि शेवटी कडेचे बटण धरून ठेवावे. मध्ये ॲपलचे चिन्ह दिसते. तिथे बोट उचलण्याचा मोह होतो, तो टाळावा आणि केबल व संगणकाचे चित्र येईपर्यंत बटण सोडू नये. संगणक ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन पर्याय देतो. बीटावरून उतरायचे असेल तर ‘रिस्टोअर’ निवडावे. आवृत्तीची फाइल डाउनलोड व्हायला १५ मिनिटांहून अधिक वेळ लागला तर फोन केबलच्या चित्राच्या त्या स्थितीतून आपोआप बाहेर पडतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. डाउनलोड पूर्ण झाल्यावर बटणांची तीच क्रिया पुन्हा करावी. ४०१३ किंवा ९ हा त्रुटीचा आकडा दिसल्यास आधी केबल आणि पोर्ट बदलावे. ३१९४ दिसल्यास संगणक ॲपलच्या सर्व्हरपर्यंत पोहोचत नसल्याची शक्यता मोठी असते, म्हणून आयट्यून्स अद्ययावत करावे आणि फायरवॉल (संगणकाचा इंटरनेटवरचा संपर्क अडवू शकणारी सुरक्षाव्यवस्था) तपासावी.

फोन कोरा होऊन सुरू झाला की त्यावर लगेच बॅकअप चढवण्याची घाई करू नये. तो नवा म्हणून सुरू करावा आणि एक दिवस तसाच वापरावा. दोन फोन करावेत, ध्वनिमुद्रण ऐकावे, कॅमेरा, चार्जिंग आणि वाय-फाय पाहावे. जुना त्रास कोऱ्या फोनवरही कायम असेल तर तो बीटाचा नव्हता, यंत्राचा आहे, आणि फोन सेवाकेंद्रात न्यावा. तसे नसेल तर फोन पुन्हा पुसून बॅकअप चढवावा. त्रास तेव्हा परतला तर दोष त्या बॅकअपमध्ये आहे असे समजून ॲप्स एकेक करून हाताने घ्यावीत. हा एक दिवस वाचवण्याच्या नादात एकच बिघाड पुसण्याच्या प्रत्येक फेरीत सोबत वाहून नेला जातो.

सरतेशेवटी यूपीआयची नोंदणी करावी. नव्याने नोंदणी केल्यावर पहिले २४ तास, आयफोनवर काही बँकांत ७२ तासांपर्यंत, व्यवहाराची मर्यादा कमी असू शकते, म्हणून घरभाडे किंवा शाळेची फी भरण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत हे सगळे काढू नये, आणि तोवर खिशात थोडी रोख असू द्यावी.