जगाच्या परिसंस्थांचा नकाशा कोल्हापुरात उघडताना या चुका टाळा

जगभरच्या जमिनीवरील परिसंस्थांचे नकाशे आता घरबसल्या आणि फुकट मिळतात. महाविद्यालयातली मुलं प्रकल्पासाठी ते उतरवून घेतात, गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती लोक जैवविविधता नोंदवहीला (गावातल्या जीवसृष्टीच्या नोंदींच्या वहीला) जोडायला नकाशा मागते, एखाद्या खाणीवर हरकत घेताना कुणी तो अर्जासोबत छापून देतं. हे व्हायलाच हवं. पण कोल्हापूर जिल्हा या नकाशांची चांगलीच परीक्षा घेतो. गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शिरोळकडे जेमतेम ५०० ते ६००. मधलं अंतर १०० किलोमीटरच्या आतबाहेर. एवढ्याशा पट्ट्यात सदाहरित जंगल, पानझडी जंगल, जांभ्याचे सडे (उघड्या खडकाची पठारं), कुसळी गवताचे माळ आणि मधोमध पसरलेला ऊस. जगाच्या नकाशात खपून जाणारी चूक इथे लगेच उघडी पडते.

डिसेंबर २०२२ मध्ये कुनमिंग-मॉन्ट्रियल जैवविविधता आराखडा ठरला. २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणायचा, असं त्यातलं एक उद्दिष्ट आहे. ते संरक्षण प्रातिनिधिक असावं, असंही त्यात म्हटलंय. म्हणजे नुसती टक्केवारी भरून भागणार नाही, प्रत्येक प्रकारच्या परिसंस्थेचा वाटा त्यात यायला हवा. वाटा मोजायचा तर नकाशा बरोबर वाचता आला पाहिजे.

हातात कोणता नकाशा आहे, हेच न पाहणं

नेहमीची तक्रार अशी: नकाशात करवीर, कागल, हातकणंगले सगळीकडे वन दाखवलंय, आणि प्रत्यक्षात तिथे उसाची शेतं आहेत. नकाशा खोटा आहे का? तसं नाही. २००१ मध्ये ओल्सन आणि सहकाऱ्यांनी जगाच्या जमिनीचे ८६७ इकोरीजन, म्हणजे एकसारखी जीवसृष्टी असलेले प्रदेश आखले, १४ बायोम (वन, गवताळ प्रदेश, वाळवंट असे मोठे प्रकार) आणि ८ जैवभौगोलिक विभागांत बसवून. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत ते ८४६ झाले. आपल्या पश्चिमेला त्यात उत्तर पश्चिम घाटाची पर्वतीय वर्षावनं आणि आर्द्र पानझडी वनं येतात, पूर्वेकडे सरकलं की दख्खनच्या कोरड्या वनांचे पट्टे सुरू होतात. माणसाने मोठ्या प्रमाणावर जमीन बदलण्याआधी कुठे काय असावं, त्याचा अंदाज या सीमा देतात. आज तिथे काय उभं आहे, ते त्या सांगत नाहीत.

म्हणून हा नकाशा एकटा वापरू नका. वर आजच्या जमीन आच्छादनाचा, म्हणजे जमिनीवर आज काय उभं आहे त्याचा, लेअर टाका. दोन्ही एकत्र पाहिले की खरा प्रश्न विचारता येतो: इथली मूळ परिसंस्था कोणती, आणि तिच्यापैकी किती उरली?

हिरवं दिसलं की जंगल समजणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून इथे जरा थांबू.

उपग्रहाचं चित्र हातात आलं की बहुतेक जण आधी एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक काढतात. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं आणि पान जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या फरकावरून हिरवेपणा मोजला जातो. हिरवेपणा किती, एवढंच त्यातून कळतं. पंचगंगाकाठचा आडसाली ऊस भरात असताना दाजीपूरच्या जंगलाच्या तोडीचा आकडा देतो. तेवढ्यावर गावाचं 'वनक्षेत्र' काढलं, तर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातलं अर्धं शिवार जंगल ठरेल.

तयार वर्गीकरण घेतलं तरी सुटका होत नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या वर्ल्डकव्हर या १० मीटरच्या नकाशात लावलेली झाडं आणि बागा वृक्षाच्छादनातच धरलेल्या आहेत. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात १ हेक्टर किंवा त्याहून मोठी आणि झाडांचं छत्र १० टक्के किंवा जास्त असलेली जमीन वनाच्छादन ठरते, मालकी कुणाचीही असो आणि झाड कुठलंही असो. ही व्याख्या अहवालात छापलेली असते, पण आपण ती न वाचता थेट आकड्याकडे जातो. मग आजरा-चंदगडकडची काजूची बाग आणि अंजनी, जांभूळ, पिसा यांचं घाटमाथ्यावरचं जुनं रान एकाच रंगात रंगतं.

उलट बाजू त्याहून वाईट आहे. जिथे झाडं नसणं हेच नैसर्गिक, ती जागा नकाशात रिकामी ठरते. पूर्वेकडच्या मुरमाड माळांवर कुसळी असते, चंडोल जमिनीवरच घरटं करतो, धाविकाला उघडी जमीन लागते, लांडगा आणि खोकड तिथेच वावरतात. नोंद मात्र 'पडीक' अशी होते. मग चांगल्या हेतूने वृक्षलागवडीचे खड्डे पडतात आणि काही वर्षांनी तोच माळ 'वनाच्छादन वाढलं' म्हणून अहवालात जमा होतो. माळावरचे जीव गेले, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. मला ही गोष्ट फार लागते, कारण लावणाऱ्यांनी मनापासून झाडं लावलेली असतात.

उपाय आहे, आणि तो अवघड नाही. एका दिवसाच्या चित्राऐवजी वर्षभराचा हिरवेपणा ओळीने काढा. सदाहरित रानाची रेघ वर्षभर जवळपास सपाट राहते. पानझडी रान फेब्रुवारीपासून उतरतं आणि वळीव-पावसाबरोबर चढतं. कुसळीचा माळ पावसाळ्यात उसळतो आणि दिवाळीनंतर पिवळा पडतो. उसाची रेघ गाळप हंगामात एकदम कड्यासारखी तुटते, आणि खोडवा फुटला की पुन्हा वर येते. एक काळजी घ्या: अख्ख्या गावाची सरासरी काढू नका. प्रत्येक फडाला तोड वेगळ्या दिवशी मिळते, त्यामुळे सरासरीत ते कडे बुजतात आणि ऊस पुन्हा जंगलासारखा दिसतो. रेघ पिक्सेलनिहाय, म्हणजे चित्रातल्या एकेका चौकोनाची वेगळी, पाहा.

काजू आणि नैसर्गिक रान यांतला फरक मात्र रेघेवरून दर वेळी कळत नाही. तिथे झाडांच्या ओळी दिसतील इतकं स्पष्ट चित्र किंवा प्रत्यक्ष भेट, याला पर्याय नाही.

कोरड्या महिन्यांच्या चित्रावर सड्याचा निकाल लावणं

जून ते सप्टेंबर ढग असतात, म्हणून लोक नोव्हेंबर ते मार्चमधली स्वच्छ चित्रं उचलतात. जंगलासाठी ते चालतं. सड्यासाठी मुळीच चालत नाही, कारण सड्याचं सगळं जगणं त्या ढगांखालीच होतं. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर एप्रिलमध्ये गेलात तर तापलेला जांभा दिसेल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथेच बोटभर मातीत गेंद फुलतात, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे पडतात, दवबिंदू नावाचं रोप किडे धरत असतं. सीतेची आसवं आणि दवबिंदू दोन्ही कीटकभक्षी, कारण त्या पातळ मातीत नत्र पुरेसं मिळत नाही. साचलेल्या पाण्यात बेडकांची पिढी तयार होते. पाऊस थांबला की महिन्या-दोन महिन्यांत सगळं मिटतं.

कोरड्या महिन्यांच्या चित्रावरून केलेल्या नकाशात हा भाग 'उघडी जमीन' या वर्गात पडतो. नुसता शब्द म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण चंदगड, राधानगरी, शाहूवाडीकडच्या पठारांखाली बॉक्साइट आहे. खाणीच्या प्रस्तावाशेजारी 'उघडी खडकाळ जमीन' असा नकाशा लागला, की तिथे गमावण्यासारखं काही नव्हतंच असं कागदावर सिद्ध होतं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या परिसंस्था वर्गीकरणात खडकाळ पृष्ठभागांना स्वतःचा गट दिलेला आहे. अर्ज लिहिताना तो संदर्भ जरूर द्या.

नकाशासाठी काय करायचं? सेंटिनल-२ उपग्रह दर काही दिवसांनी डोक्यावरून जातो. सलग तीन-चार वर्षांच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधले ढग नसलेले तुकडे जोडून एक चित्र तयार करा. गूगलच्या अर्थ इंजिनसारख्या साधनांत हे सहज होतं. सेंटिनल-१ चं रडार ढगांतूनही पाहतं, त्यावरून ओलावा आणि मोठं साचलेलं पाणी कळतं. हात-दोन हात रुंदीची डबकी दोन्हींत दिसत नाहीत. ती चालत जाऊनच नोंदवावी लागतात.

पिक्सेल किती गुंठ्यांचा, हे न पाहणं

१० मीटरचा पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १ गुंठा. लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा पिक्सेल ९ गुंठ्यांचा. २५० मीटरचा पिक्सेल सव्वासहा हेक्टरचा, म्हणजे १५ एकरांहून जास्त. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला, जगाच्या ४३१ जमिनीवरील परिसंस्था दाखवणारा नकाशा या २५० मीटरच्या मापाचा आहे. तापमान, ओलावा, भूरूप आणि आच्छादन यांची त्यातली सांगड सुंदर आहे, देशांची तुलना करायला तो उत्तम. पण गावची देवराई कधी १० गुंठ्यांची असते, कधी २ एकरांची. त्या नकाशात ती सापडणारच नाही, आणि 'नकाशात नाही म्हणजे गावात नाही' असं कुणी म्हणालं तर तिथेच अडवा.

पश्चिम घाटाचं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र सुचवणाऱ्या दोन समित्यांवरून गावोगाव जो वाद झाला, त्यातही मापाचा भाग मोठा होता. २०११ च्या गाडगीळ समितीने ५ मिनिटं बाय ५ मिनिटं, म्हणजे सुमारे ९ बाय ९ किलोमीटरचे चौकोन धरले. २०१३ च्या कस्तुरीरंगन समितीने सुमारे २४ मीटरची उपग्रह चित्रं घेतली, पण निर्णय गाव या एककावर नेला. एकाच डोंगराची दोन उत्तरं येण्यामागे विचारांचा फरक होताच, पण मोजण्याच्या एककाचाही होता. नकाशावर चर्चा ठेवताना आधी एकक सांगा, निम्मं भांडण तिथेच मिटतं.

क्षेत्रफळ चुकीच्या प्रक्षेपात मोजणं

प्रक्षेप म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत. थोडक्यात: इंटरनेटवरच्या पार्श्वभूमी नकाशांचं वेब मर्केटर प्रक्षेप क्षेत्रफळ फुगवतं. कोल्हापूरच्या अक्षांशावर ही वाढ सुमारे ९ टक्के होते, ६० अंशांवर चौपट. जिल्ह्यापुरतं काम असेल तर यूटीएम विभाग ४३ उत्तर हा प्रक्षेप, जगाचं असेल तर समक्षेत्र (क्षेत्रफळ न बदलणारा) प्रक्षेप घ्या. मोबाइलवरच्या जीपीएस बिंदूंपेक्षा जुन्या टोपोशीटवरचे (छापील भूनकाशावरचे) बिंदू सरकलेले दिसले, तर आधी डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार, तपासा.

दोन वेगळे नकाशे वजा करून 'बदल' काढणं

पंधरा वर्षांपूर्वीचा एका संस्थेचा नकाशा आणि आजचा दुसऱ्या संस्थेचा नकाशा यांची वजाबाकी केली, की जंगल कुठे तरी वाढलेलं आणि कुठे तरी घटलेलं दिसतंच. बराचसा फरक व्याख्या, पिक्सेल आणि महिना बदलल्याचा असतो. बदल पाहायचा तर एकाच उपग्रहाची, एकाच महिन्यातली चित्रं एकाच पद्धतीने वर्गीकृत करा. बदल झालेला दिसतो ते तुकडे एकेक करून मूळ चित्रावर उघडून पाहा. राधानगरी अभयारण्याच्या कडेला 'तोड' दिसली आणि प्रत्यक्षात नुसती पानगळ होती, असं सहज होऊ शकतं.

'अचूकता ९८ टक्के' यावर विश्वास टाकणं

समजा १००० ठिकाणी पडताळणी केली, त्यातली २० ठिकाणं सड्याची होती, आणि नकाशाने ती वीसही चुकवली. बाकी सगळं बरोबर असेल तर अचूकता ९८ टक्केच येते. दुर्मीळ परिसंस्थेबाबत नकाशा शंभर टक्के नापास, आणि प्रगतिपुस्तकावर ९८. म्हणून एकूण आकडा बाजूला ठेवून प्रत्येक वर्गाची अचूकता वेगळी मागा, आणि पडताळणीचे बिंदू वर्गनिहाय वाटून घ्या. आपल्याकडे बिंदू डांबरी रस्त्याच्या कडेने गोळा होतात, ही आणखी एक अडचण. रस्ता जिथे जातो तिथली जमीन आधीच बदललेली असते. पठारावरचे आणि ओढ्याच्या उगमाकडचे बिंदू घ्यायला गुराखी किंवा धनगरवाड्यातलं कुणी सोबत असेल तर उत्तम. कुठला सडा कधी पाझरतो, कुठल्या माळावर गवत कधी जळतं, हे त्यांना माहीत असतं. त्यांनी सांगितलेलं जागेचं नाव बिंदूसोबत त्याच दिवशी लिहून घ्या.

नोंदवहीत नकाशा लावताना त्याखाली पाच गोष्टी हाताने लिहिल्या तरी चालतील: चित्राचा महिना आणि वर्ष, पिक्सेलचं माप गुंठ्यांत, 'वन' म्हणजे काय धरलं ती व्याख्या, पडताळणी कुणी आणि कुठे केली, आणि नकाशात न मावलेल्या जागांची यादी. पाचवी गोष्ट ग्रामसभेत वाचून दाखवा. देवराई, झरे, पाणथळी, सडे यांची नावं तिथेच भरभर येतात.