कोळंबी तलावातील व्हिब्रिओ: दर आठवड्याची तपासणी कशी करावी

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठच्या तलावांत व्हॅनामेई कोळंबी वाढवणाऱ्यांनी एक गोष्ट आधी मान्य करावी, की खाडीच्या पाण्यात कोळंबीला रोग करू शकणारे व्हिब्रिओ जिवाणू असतातच आणि ते समूळ नाहीसे करता येत नाहीत. ब्लीचिंग पावडरने पाणी निर्जंतुक केल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत झपाट्याने वाढणारे व्हिब्रिओच बहुधा आधी परततात. म्हणून चालू तलावात वरचेवर जंतुनाशक टाकण्यापेक्षा दर आठवड्याला त्यांची संख्या मोजून ती वाढते आहे की घटते आहे, हे पाहणे अधिक हिताचे आहे.

नमुना सकाळी खाद्य टाकण्यापूर्वी, दर वेळी त्याच ठिकाणाहून, निर्जंतुक बाटलीत घ्यावा. जिथे गाळ साचतो तिथल्या तळालगतच्या पाण्याचाही एक नमुना घ्यावा, कारण बिघाडाची सुरुवात बहुधा तिथेच होते. बाटल्या थंड पेटीत ठेवाव्यात, मात्र बर्फाला टेकू देऊ नयेत, आणि काही तासांतच लॅबमध्ये पोहोचवाव्यात.

नमुना विरळ करताना साधे डिस्टिल्ड वॉटर वापरू नये. या जिवाणूंना मिठाची गरज असल्याने त्या पाण्यात त्यांतील बरेच मरतात आणि संख्या खोटी कमी दिसते. त्याऐवजी सुमारे दोन टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी घ्यावे. दहापट विरळ केलेल्या नमुन्याचा 0.1 मिली भाग टीसीबीएस आगरच्या (व्हिब्रिओ वाढवण्यासाठीच्या जेलीसारख्या खास माध्यमाच्या) प्लेटवर पसरावा, प्लेट उलटी करून सुमारे 30 अंश सेल्सिअसला ठेवावी आणि वसाहती (जिवाणू वाढून दिसणारे ठिपके) 18 ते 24 तासांत मोजाव्यात, कारण उशीर झाल्यास पिवळ्या वसाहती हिरव्या दिसू लागतात. 42 वसाहती आल्या, तर 42 गुणिले 10 (दहापट विरळ केल्याबद्दल) गुणिले 10 (0.1 मिलीच घेतल्याबद्दल), म्हणजे मिलीलिटरला 4,200 हा आकडा धरावा.

साखर आंबवणाऱ्या प्रजाती पिवळ्या दिसतात, तर पॅराहिमोलिटिकससारख्या प्रजाती हिरव्या. हिरवे म्हणजे रोग आणि पिवळे म्हणजे निर्धोक, असा सरसकट अर्थ मात्र काढू नये. लवकर मरतुक घडवणाऱ्या एएचपीएनडी रोगाचे विष तयार करणारे जिवाणू रंगावरून ओळखता येत नाहीत; त्यासाठी जिवाणूंची जनुके तपासणारी पीसीआर चाचणीच करावी लागते. रात्री पाणी चमकत असेल, तर ते न ढवळता पाहावे: जिवाणूंचा उजेड स्थिर असतो, आणि ढवळल्यावरच क्षणभर लखलखणारा उजेड बहुधा सूक्ष्म प्लवकांचा असतो.

एका आकड्याने घाबरू नये; पण सलग दोन आठवडे हिरव्या वसाहती वाढत असतील, तर चेक ट्रेमध्ये (खाद्य खाल्ले जाते का हे पाहण्यासाठी पाण्यात ठेवलेल्या ताटात) खाद्य उरते का ते पाहून खाद्य कमी करावे, मधला गाळ काढावा आणि पाण्यात हवा मिसळणारे एरेटर रात्रभर चालू ठेवावेत. उरलेले खाद्य आणि मेलेले शेवाळ हाच व्हिब्रिओंचा आहार असल्याने, तो तोडल्याशिवाय बॅसिलसयुक्त प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंचे मिश्रण) टाकून फारसा उपयोग होत नाही. प्रतिजैविके मात्र वापरूच नयेत: क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्यावर बंदी आहे, त्यांच्या अंशामुळे निर्यातीचा माल नाकारला जातो आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू तलावातून खाडीत जातात.

वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय, टाकू नयेत. हातापायावर जखम असणाऱ्याने तलावात उतरू नये, कारण व्हल्निफिकस ही व्हिब्रिओची प्रजाती जखमेतून शिरून जिवावर बेतू शकते.