उन्हाळी शेतीकामांत खालच्या ओठाची काळजी

पुणे जिल्ह्यात मार्च ते मे या काळात शिरूर, खेड, आंबेगाव पट्ट्यात उन्हाळी कांद्याची काढणी आणि काटणी (काढलेल्या कांद्याची पात कापणे), तर जुन्नरमध्ये नारायणगाव परिसरात टोमॅटोची लागवड आणि बांधणी सुरू असते. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यास दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. या दिवसांत डोके आणि डोळे आपण जपतो, ओठ मात्र उघडाच राहतो.

ओठाच्या लाल भागावरची त्वचा अतिशय पातळ असते. तिच्यात रंगद्रव्य कमी असते आणि घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे अतिनील किरणांपुढे ती दुबळी पडते. वरच्या ओठावर नाकाची आणि मिशीची थोडीफार सावली असते, पण बाहेर वळलेल्या खालच्या ओठावर ऊन थेट पडते. अनेक वर्षांच्या अशा माऱ्याने ओठ कायम कोरडा आणि खरखरीत होतो, त्यावर खपली धरते, पांढरट चट्टे उमटतात आणि ओठाची कड पुसट होते. वैद्यकीय भाषेत याला अ‍ॅक्टिनिक चेलायटिस म्हणतात. त्यातून काहींना पुढे ओठाचा कर्करोग होऊ शकतो. विडी ओढणाऱ्यांना आणि खालच्या ओठात तंबाखूचा बार धरणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

टोमॅटोच्या बेडवर अंथरलेला चंदेरी मल्चिंग पेपर (माती झाकणारा प्लास्टिकचा कागद) अतिनील किरणे परावर्तित करतो. मावा आणि पांढरी माशी त्यामुळेच दूर राहतात, परंतु वाकून रोपे लावणाऱ्या मजुराच्या ओठावर तीच किरणे खालून येतात आणि रुंद काठाची टोपी तेथे पुरी पडत नाही. म्हणून अशा शेतात टोपीबरोबरच तोंडावर घट्ट विणीचे, गडद रंगाचे, दुपदरी कापड बांधावे. गारव्यासाठी उपरणे भिजवण्याची आपली पद्धत चांगलीच आहे, मात्र ओल्या सुती कापडातून किरणे जास्त आत शिरतात. ओले उपरणे डोक्यावर ठेवून तोंडाला कोरडेच कापड वापरावे.

सकाळी १० ते दुपारी ४ ही वेळ शक्य तेवढी टाळावी. मजूर लावणाऱ्या शेतकऱ्याने आणि मुकादमाने कांद्याची काटणी झाडाखाली किंवा शेडनेटच्या सावलीत बसून करता येईल अशी सोय करावी. बसून करण्याचे हे काम उन्हातच व्हावे असे काही नाही. ओठांना एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचे माप) ३० किंवा अधिक असलेला लिप बाम लावावा आणि दर दोन तासांनी, तसेच खाणेपिणे झाल्यावर पुन्हा लावावा. साय, तूप किंवा साधी व्हॅसलीन यांनी ओठ मऊ राहतो, पण ऊन अडत नाही. फवारणी करणाऱ्यांनी हात साबणाने धुतल्याशिवाय ओठाला बोट लावू नये, अन्यथा बामाबरोबर फवारणीचे औषधही पोटात जाईल.

ओठावरची जखम, खपली किंवा घट्ट गाठ दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, किंवा तेथून वारंवार रक्त येऊ लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांना किंवा दंतवैद्यांना दाखवावे. पुण्यात ससून रुग्णालयातही ही तपासणी होते. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितल्यास घाबरून टाळू नये, कारण सुरुवातीच्या टप्प्यात मलम, अतिशीत उपचार (खराब भाग गोठवून नष्ट करणे) किंवा लहान शस्त्रक्रियेने भागू शकते. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड घेत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. या औषधाने त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते, मात्र गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.